विचारा की! : सॅटेलाईटला प्रवाळ दिसतात का हो?

मागच्या अंकात लक्षद्वीपचे प्रवाळ २०२४ च्या उन्हाळ्यात पांढरे पडले त्यावर एक छोटं टिपण होतं. त्यात ओघात लिहून गेलो की सॅटेलाईटच्या आकड्यांत उष्णतेचा हा ताण २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपासूनच दिसत होता. त्या एका वाक्यावर इतक्या मेल आणि मेसेज आले की हा महिना पूर्ण त्यालाच देतोय. कोणी चिडून विचारलंय की दिसत होतं तर वाचवले का नाहीत, कोणाला प्रोजेक्ट करायचाय, एकांनी तर चालत्या बोटीतून व्हॉइस नोट पाठवलीय, इंजिनाच्या आवाजात अर्धी ऐकूच आली नाही. नावं छापत नाही, गावं देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (पुणे, जिओइन्फॉर्मॅटिक्सची विद्यार्थिनी): सर, गूगल अर्थवर मालवण झूम करून बघितलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्यात काळपट डाग दिसतात. ते प्रवाळ असतात का? आणि प्रोजेक्टसाठी त्यांचं क्षेत्रफळ काढता येईल का?

उत्तर: आधी थोडं निराश करतो. त्या डागांवरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की तिथे तळ वाळूचा नाही. नुसता कातळ असेल, कातळावर वाढलेलं शेवाळ असेल, आणि हो, मधेमधे प्रवाळही असतील. मालवणला प्रवाळ आहेतच, १९८७ पासून तिथे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे. पण लक्षद्वीपला बेटाभोवती जशी सलग रीफ, म्हणजे प्रवाळांची भिंत, असते तसं इथे नाही, कातळावर विखुरलेल्या वसाहती आहेत. आता हिशेब कर. फुकट मिळणारा सगळ्यात चांगला डेटा म्हणजे युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा, त्याचा पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. त्यात एक चौरस मीटरची वसाहत आली तर ती पिक्सेलच्या शंभरातला एक भाग झाली, उरलेले नव्याण्णव भाग कातळ आणि शेवाळाचे. त्या पिक्सेलचा रंग कोण ठरवणार?

दुसरी अडचण पाण्याची. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच जवळजवळ संपतो, हिरवा त्याहून खाली जातो, स्वच्छ पाण्यात निळा सगळ्यात खोल. निअर इन्फ्रारेड तर वरच्या वरच शोषला जातो, त्यामुळे तुम्ही लोक शेतीसाठी जो एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, डोळे मिटून काढता तो पाण्याखाली काही कामाचा नाही. पण तोच बँड, म्हणजे उपग्रह वेगळा टिपतो तो प्रकाशाचा पट्टा, इथे वेगळ्या कामाला येतो. पाण्यावर चकाकणारं ऊन किती आहे ते त्यावरून कळतं आणि बाकीच्या बँडमधून ती चमक वजा करता येते. मग खोलीचा परिणाम काढायचा, कारण दोन मीटरवरचा कातळ आणि आठ मीटरवरची वाळू वरून बघताना सारख्याच काळपट दिसू शकतात. त्याला लिझेन्गाची पद्धत आहे, सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेली, दोन बँडचं गुणोत्तर वापरून खोलीचा भाग बाजूला काढतात. जुनी आहे पण अजून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तूही कर.

आणि तिसरी अडचण अशी आहे की ती चांगल्या कॅमेऱ्यानेही पूर्ण सुटत नाही. जिवंत प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतात, प्रवाळाला रंग आणि बरंचसं अन्न त्यांच्याकडूनच मिळतं. म्हणजे प्रवाळातही क्लोरोफिल आणि शेजारच्या शेवाळातही क्लोरोफिल. चार-पाच बँडच्या उपग्रहाला दोघांत फरक करणं फार अवघड. अ‍ॅलन कोरल अ‍ॅटलास म्हणून जगभराच्या उथळ रीफचा नकाशा आहे, प्लॅनेट कंपनीच्या छोट्या उपग्रहांच्या साधारण चार मीटरच्या चित्रांवरून बनवलेला, २०२१ मध्ये पूर्ण झाला. एवढा पैसा, एवढी माणसं, तरी त्यांच्या यादीत वाळू वेगळी, तुटका चुरा वेगळा, खडक वेगळा, समुद्रगवत वेगळं, पण 'कोरल किंवा अल्गी' हा वर्ग एकत्रच ठेवलाय. मला हे फार आवडतं, जे दिसत नाही ते दिसतंय असं दाखवायचा मोह त्यांनी टाळलाय.

मग प्रोजेक्ट काय करशील? मालवणच घ्यायचं असेल तर 'प्रवाळाचं क्षेत्रफळ' हे शीर्षक सोड, 'कठीण तळ आणि वाळू यांचा नकाशा' कर, तो होईल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग, पुढे बराच काळ गाळ, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीच्या तारखा बघ. उपग्रह सकाळी अकराच्या आसपास येतो, तो भरती-ओहोटी बघून येत नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या तारखा काढून टाइड टेबलशी ताडून ज्या दिवशी त्या वेळेला ओहोटी होती तेवढीच चित्रं ठेव. कोपर्निकस ब्राउझरवरून डेटा फुकट मिळतो, नकाशे करायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, तेही फुकट. गूगल अर्थ फक्त बघायला, त्यातली चित्रं दिसायला छान व्हावीत म्हणून रंग जुळवून शिवलेली असतात, त्यावर मोजमाप करू नकोस. आणि मालवणला जाऊन निदान काही ठिकाणी पाण्यात उतर किंवा डायव्हिंगवाल्यांना कॅमेरा आणि जीपीएस दे, त्याशिवाय नकाशा बरोबर आहे की नाही हे तुला सांगणार कोण? सर काय म्हणतील याची काळजी करू नकोस, परीक्षक शहाणा असेल तर हेच आधी विचारेल. फक्त प्रवाळच हवे असतील तर लक्षद्वीपचं कवरत्ती किंवा अगत्ती घे, लगूनचं, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ भागाचं, पाणी काचेसारखं, तिथे हीच पद्धत खूप बरी चालते.

प्रश्न (तारकर्ली, स्नॉर्केलिंगची बोट चालवणारे): मे महिन्यात पाणी अंगाला गरम लागतं. पोवळी पांढरी पडलेली आम्ही स्वतः बघितलीत. सॅटेलाईटला आधी कळतं म्हणता, मग आमका कोण सांगना नाय. गिऱ्हाईक घेऊन रोज खाली आम्हीच जातो ना?

उत्तर: दादा, हीच ती व्हॉइस नोट. तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण मशीन कसं चालतं ते सांगतो म्हणजे भांडायचं कुठे ते कळेल.

उपग्रह इथे प्रवाळ बघतच नाही, तो समुद्राच्या वरच्या थराचं तापमान मोजतो. अमेरिकेच्या नोआ संस्थेचं कोरल रीफ वॉच रोज अख्ख्या जगाचं तापमान ५ किलोमीटरच्या चौकटीत देतं. प्रत्येक चौकटीसाठी त्यांनी जुन्या नोंदींवरून काढून ठेवलंय की वर्षातल्या सगळ्यात गरम महिन्याचं तिथलं सरासरी तापमान किती. तुमच्याकडचे प्रवाळ तुमच्या उन्हाळ्याला सरावलेले, कच्छचे तिथल्या उन्हाळ्याला, म्हणून प्रत्येकाची रेघ वेगळी. पाणी त्या रेघेच्या एक डिग्री वर गेलं की प्रवाळाला ताण सुरू.

आता एखादा दिवस तापला म्हणून काही होत नाही. तापाचं जसं, १०१ किती दिवस उतरला नाही हे डॉक्टर विचारतात, तसं इथे मागच्या बारा आठवड्यांचा ताण गोळा करतात, त्याला डिग्री हीटिंग वीक म्हणतात, आपण डीएचडब्ल्यू म्हणू. समजा तुमच्याकडची रेघ ३० डिग्री आहे आणि पाणी तीन आठवडे साडेएकतीसवर राहिलं, तर दीड गुणिले तीन, साडेचार. चारच्या वर गेलं की ठळक ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळ पांढरे पडणं, अपेक्षित धरतात, आठच्या वर गेलं की मोठ्या प्रमाणावर ब्लीचिंग आणि प्रवाळ मरायला सुरुवात. पूर्वी अलर्टच्या पायऱ्या दोनच होत्या, २०२३ मध्ये समुद्र इतका तापला की त्यांना वर आणखी तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या, शेवटची पायरी डीएचडब्ल्यू वीसची.

आपल्याकडे हेच काम हैदराबादचं समुद्रमाहिती केंद्र इन्कॉइस २०११ पासून करतंय. मासे कुठे मिळतील याचा सल्ला तुमच्या बंदरात येतो ना, तो पाठवणारं इन्कॉइसच, आणि त्यामागेही उपग्रहाने मोजलेलं तापमानच असतं. पण प्रवाळांच्या अलर्टचा भर अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात यांच्यावर, मोठ्या रीफ तिथेच आहेत म्हणून. मालवणची चौकट नोआच्या जगाच्या नकाशात आहे, मोबाईलवर बघता येते, पण ती किनाऱ्याला चिकटलेली असल्यामुळे जरा डोळस होऊन बघायची. ५ किलोमीटरच्या चौकटीत किल्ला, बंदर, खाडीचं तोंड आणि तुमचा स्नॉर्केलिंगचा स्पॉट सगळं एकच आकडा होऊन येतं. शिवाय तो आकडा वरच्या पाण्याचा, तुमची पोवळी पाच-सात मीटर खाली.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही डायव्हिंगवाल्यांनी मिळून दोन-चार ठिकाणी तळाशी तापमानाचे लॉगर बांधावेत, छोटा सेन्सर असतो, महिनोन्‌महिने स्वतःच नोंद ठेवतो. अभयारण्य आहे तेव्हा वनखात्याला विचारून आणि एखाद्या कॉलेजला बरोबर घेऊन. आणि मुख्य म्हणजे अलर्ट आला तर काय करायचं ते आधी कागदावर ठरवा. नांगर कुठे टाकायचा नाही, कोणता स्पॉट किती दिवस बंद ठेवायचा, बंद ठेवला तर धंदा बुडतो त्याचं काय, हे सगळं एप्रिलच्या भर सीझनमध्ये ठरत नाही, भांडणंच होतात. थायलंडने २०१० च्या ब्लीचिंगनंतर २०११ च्या जानेवारीत १८ डायव्हिंग स्पॉट बंद केले होते, ऐन सीझनला. फ्लोरिडात २०२३ च्या जुलैत पाणी तापलं, एका उथळ खाडीत तर ३८ डिग्रीच्या वर मोजलं गेलं, तेव्हा तिथल्या लोकांनी पाण्यातल्या नर्सरीतले हजारो प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये नेले. टाक्या, गाड्या, माणसं तयार होती म्हणून ते जमलं. आपल्याकडे उपग्रहाची कमतरता अजिबात नाही, आकडा आल्यावर फोन कोणी कोणाला करायचा हे ठरलेलं नाही ही कमतरता आहे. तुम्हाला कोण सांगत नाही याचं कारण माझ्या मते तेच.

प्रश्न (नाशिक आणि सांगली, दोघांनी एकच फॉरवर्ड पाठवलाय): जगातले ८४ टक्के प्रवाळ मेले असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर: नाही. आकडा खरा आहे, वाक्य चुकीचं आहे. २०२३ पासून जगातल्या ८४ टक्के रीफ क्षेत्रावर ब्लीचिंग होऊ शकेल एवढा उष्णतेचा ताण पडला, असं नोआ म्हणते. हा सॅटेलाईटच्या तापमानातून काढलेला आकडा आहे, म्हणजे ताणाचा. ताण पडलेल्यातले सगळे पांढरे पडतात असं नाही, पांढरे पडलेले सगळे मरतात असंही नाही. पांढरा पडलेला प्रवाळ जिवंत असतो, त्याच्या अंगातले शैवाल निघून गेलेले असतात एवढंच, पाणी वेळेत निवलं तर काही सावरतात. नोआने आणि इंटरनॅशनल कोरल रीफ इनिशिएटिव्हने १५ एप्रिल २०२४ ला जगातली चौथी जागतिक ब्लीचिंगची घटना जाहीर केली, आधीच्या १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ च्या. ती जाहीर करताना नुसतं तापमान बघितलं नाही, वेगवेगळ्या महासागरांतून पाण्यात उतरलेल्या माणसांनी ब्लीचिंग झाल्याचं कळवलं तेव्हा जाहीर केली. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे कळवा, पण ८४ टक्के हा ताणाचा आकडा म्हणूनही भयंकरच आहे, 'काही नाही हो, अफवा आहे' असंही करू नका.

प्रश्न (रत्नागिरी, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या): आंग्रिया बँकेबद्दल मुलांना सांगते तेव्हा नकाशा दाखवता येत नाही. उपग्रहाने एवढं सगळं दिसतं तर आंग्रियाचा प्रवाळांचा नकाशा का नाही?

उत्तर: ताई, छान प्रश्न. आंग्रिया बँक विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, उत्तर-दक्षिण चाळीसेक किलोमीटर आणि रुंदीला पंधराएक. जमीन कुठेच वर येत नाही, माथाच वीस मीटर पाण्याखाली. अडचण इथेच आहे. वरून घेतलेल्या चित्रांवरून तळाचा नकाशा साधारण दहा-पंधरा मीटरपर्यंत भरवशाने होतो, पाणी फार स्वच्छ असेल तर आणखी थोडं. आंग्रियाचं पाणी नितळ आहे, पण वीस मीटर खाली जाऊन परत वर येताना प्रकाशाचं फारच थोडं उरतं, उरतो तो निळाच. एकाच रंगाच्या चित्रावरून प्रवाळ कुठला आणि वाळू कुठली हे कसं सांगायचं?

नासाचा २०१८ चा आइससॅट-२ उपग्रह हिरवा लेझर सोडतो आणि स्वच्छ पाण्यात तीसेक मीटरपर्यंत खोली मोजू शकतो, त्यामुळे आंग्रियाच्या माथ्याची खोली काढायचा प्रयत्न त्यातून करता येईल, कोणाला एमएस्सीला विषय हवा असेल तर घ्या. पण लेझर ठरावीक रेषांवरूनच जातो, मधला भाग रिकामा, आणि तळ किती खोल हे सांगतो, तळावर काय वाढलंय ते सांगत नाही. त्यामुळे आंग्रियासाठी जहाज, सोनार (आवाजाच्या लहरींनी तळ मोजणारं यंत्र), कॅमेरा आणि डायव्हर हाच रस्ता, २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची मोहीम गेली होती ती तशीच.

मुलांना आणखी एक सांगा, नागरिकशास्त्राच्या तासालाही चालेल. आपल्या देशाची सागरी हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र, तिथल्या साधनसंपत्तीवर आपला हक्क आहे पण वन्यजीव कायद्याखाली अभयारण्य करणं तिथे सोपं नाही. आंग्रिया त्या पट्ट्यात येते. म्हणजे नकाशा उद्या तयार झाला तरी 'इथे हे करू नका' असं कोणत्या कायद्याने सांगायचं हा प्रश्न राहतोच. तोवर मुलांना खोलीचा नकाशा दाखवा, समुद्रतळातून वर आलेलं पठार त्यातही छान दिसतं.

प्रश्न (मुंबई, दादर): कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीला प्रवाळ आहेत हे सगळ्यांना अचानक कळलं. उपग्रहांना इतकी वर्षं दिसलं नाही?

उत्तर: दिसणार नव्हतंच. लहान लहान वसाहती, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या कातळांना चिकटलेल्या, वर मुंबईचं पाणी. ते दिसले ओहोटीला वाकून कातळ बघणाऱ्या हौशी लोकांना आणि अभ्यासकांना. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत म्हणून परवानगी काढावी लागली आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या. यातून मला एकच गोष्ट टोचते, पर्यावरणाच्या अहवालांत 'उपग्रह चित्रांत प्रवाळ आढळले नाहीत' असं वाक्य कधी कधी असतं आणि ते वाचून सगळे निर्धास्त होतात. अशा किनाऱ्यावर त्या वाक्याला काही अर्थ नाही. मुंबईसारख्या पाण्यात ते शोधायचं साधन म्हणजे ओहोटीचं वेळापत्रक आणि चांगले बूट.

प्रश्न (ब्रिस्बेन, मूळचे कोल्हापूरचे): इथे ग्रेट बॅरियर रीफवर विमानं, उपग्रह, ड्रोन सगळं आहे. तरी दर दोन वर्षांनी ब्लीचिंगची बातमी. मग या सगळ्याचा उपयोग काय, नुसतं मरताना मोजायचं?

उत्तर: तुमचा राग समजतो. साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते मरीन पार्क, २,९०० च्या वर रीफ, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं. पाण्यात उतरून सगळं बघायला किती माणसं लागतील? २०१६ च्या ब्लीचिंगला तिथले प्रवाळशास्त्रज्ञ टेरी ह्यूज यांच्या टीमने छोट्या विमानांतून आणि हेलिकॉप्टरमधून ९११ रीफ पाहिल्या, पूर्णपणे वाचलेल्या जेमतेम ७ टक्के निघाल्या. मग डायव्हर पाठवून वरून बघून ब्लीचिंगला दिलेले मार्क बरोबर आहेत का ते तपासलं. उपग्रहाचा उष्णतेचा नकाशा आणि विमानातून केलेला ब्लीचिंगचा नकाशा शेजारी ठेवले तर जिथे तापलं तिथेच पांढरं पडलेलं, उत्तरेला सगळ्यात जास्त.

आणि त्याच अभ्यासातून एक कडू गोष्ट निघाली. मासेमारी बंद असलेल्या रीफ आणि चालू असलेल्या रीफ, स्वच्छ पाण्यातल्या आणि गढूळ पाण्यातल्या, एवढ्या तीव्र उष्णतेपुढे फारसा फरक पडला नाही. हे सिद्ध व्हायला नकाशेच लागले. तोवर 'आम्ही आमची रीफ नीट सांभाळतो, तिला काही होणार नाही' असं म्हणायची सोय होती, ती गेली. माझ्या मते हा मोठाच उपयोग आहे, फक्त ऐकायला आवडणारा नाही.

बाकी रोजची कामंही आहेत. क्वीन्सलँडच्या नद्यांना पूर आला की गाळाचं आणि खताचं पाणी रीफपर्यंत किती पोचतं ते उपग्रहाच्या रंगावरून वर्षानुवर्षं मोजलं जातं, आणि उसाच्या शेतातून काय वाहून येतं यावरचे वाद त्या नकाशांवर चालतात. तुम्ही कोल्हापूरचे, ऊस आणि नदी म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांना मारायला डायव्हरच्या टीम जातात, त्यांना कोणत्या रीफवर आधी पाठवायचं हे ठरवतानाही नकाशे लागतात, कारण बोटी मोजक्या आणि रीफ हजारो. पाणी थंड करणं यातल्या कोणाच्याच हातात नाही. ते कोळसा आणि तेल जाळणाऱ्यांच्या हातात आहे आणि तुमचा देश कोळसा विकतो, आपला देश जाळतो, ते उपग्रहावर ढकलून चालणार नाही.

प्रश्न (दापोली, मर्चंट नेव्हीतून निवृत्त): रीफचे नकाशे सॅटेलाईटवरून बनतात म्हणता. आम्ही चार्टवर भरवसा ठेवून जहाजं चालवली. हे नकाशे कितपत विश्वासाचे?

उत्तर: कॅप्टन, तुम्हाला माहीत असेलच पण बाकीच्यांसाठी सांगतो. १७ जानेवारी २०१३ ला अमेरिकन नौदलाचं 'गार्डियन' हे जहाज फिलिपिन्सच्या तुब्बाताहा रीफवर चढलं. जहाजाचं काम समुद्रातले सुरुंग शोधण्याचं, आणि आदळलं जागतिक वारसा असलेल्या रीफवर. त्यांच्या डिजिटल चार्टवर ती रीफ खऱ्या जागेपासून जवळपास आठ सागरी मैल सरकलेली होती आणि त्याचं मूळ निघालं उपग्रहाच्या चित्राची जागा चुकीची बसवण्यात. नौदलाच्या चौकशीने मात्र सगळा दोष चार्टवर टाकला नाही, पहाऱ्यावरच्या लोकांनी बाकीच्या खुणा ताडून बघितल्या नाहीत असंही म्हटलं. जहाज तिथेच कापून काढावं लागलं, २,३०० चौरस मीटरच्या वर रीफ गेली, आणि अमेरिकेने फिलिपिन्सला साधारण वीस लाख डॉलर भरपाई दिली.

तेव्हा उत्तर असं की तळावर काय आहे त्याच्या नकाशात रंग चुकला तर वाद होतो, जागा चुकली तर जहाज फुटतं. चांगल्या नकाशाबरोबर अचूकतेचा तक्ता दिलेला असतो, कोणत्या वर्गात किती पिक्सेल बरोबर आले त्याचा. तो नसेल तर नकाशा भिंतीवर लावा, त्यावर बोट घालू नका. आणि उपग्रहावरून काढलेली खोली ही तुमच्या चार्टची जागा घेण्यासाठी नसतेच, सर्व्हेचं जहाज आधी कुठे पाठवायचं हे ठरवायला बरी.

प्रश्न (ठाणे, आठवीतला मुलगा, आईच्या मेलवरून): मला यात मदत करायची आहे पण पोहता येत नाही.

उत्तर: नासाने २०२० मध्ये निमो-नेट नावाचा गेम काढला होता. त्यात खऱ्या रीफच्या चित्रांवर कोणता भाग कोणता प्रवाळ ते रंगवायचं आणि त्यावरून कॉम्प्युटर शिकणार, अशी कल्पना. सध्या चालतो का आणि तुझ्याकडच्या मशीनवर चालतो का ते आईला बघायला सांग. नाहीतर अ‍ॅलन कोरल अ‍ॅटलास उघड, पैसे लागत नाहीत, आणि लक्षद्वीपचं एकेक बेट शोधून लगून कुठे आणि बाहेरचा उतार कुठे ते ओळखायचा प्रयत्न कर. आणि पोहायला शीक, ठाण्यात तलाव आहेत.

प्रश्न (मालवण): ड्रोन उडवून आम्हीच प्रवाळांचे फोटो काढले तर?

उत्तर: उत्तम निघतात, पाणी स्थिर आणि स्वच्छ असेल तर काही सेंटिमीटरपर्यंतचं दिसतं, उपग्रहाला न दिसणारी एकेक वसाहतसुद्धा. सकाळी लवकर, वारा पडलेला, ओहोटी, आणि सूर्य खाली असतानाच, नाहीतर फोटोत फक्त चमक येते. पण ते अभयारण्य आहे आणि शेजारी संरक्षित किल्ला आहे. वनखात्याची परवानगी, ड्रोनची नोंदणी आणि सरकारच्या डिजिटल स्काय नकाशात तिथे उडवायला मनाई नाही ना हे बघितल्याशिवाय उडवू नका. परवानगी मागताना पुण्याच्या त्या विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट जोडून द्या, तिला पाण्यातले पॉइंट हवेच आहेत. दोघांचे मेल एकमेकांना द्यायला हरकत नसेल तर मला कळवा.